भिंती उभ्या राहतील, पुढे काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगमंच जळाला, आसने जळाली, छप्पर खाली आले. उजाडले तेव्हा उरल्या होत्या त्या दगडी भिंती आणि दर्शनी भाग. तो दिवस, ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. ज्या वास्तूत त्यांच्या तसबिरीला हार घालायचा, तिच्याच राखेसमोर नट, पडद्यामागचे कामगार आणि साधे नागरिक डोळे पुसत उभे होते. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपये जाहीर केले आणि नाट्यगृह होते तसेच उभे करण्याचे आश्वासन दिले.

त्या अश्रूंविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि वीस कोटींनाही आमचा विरोध नाही. तथापि त्या दिवसापासून ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे उच्चारला जात आहे की, त्याविषयी दोन स्पष्ट शब्द बोलणे आम्हांस भाग आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: दगड, लाकूड आणि विटा यांचे होते ते पुनर्बांधकाम. पुनरुज्जीवन होते ते प्रेक्षकांचे. पहिले काम शासन व महानगरपालिका करू शकतात. दुसरे काम आपणांवाचून कोणीही करू शकत नाही. आणि हे दुसरे काम टाळण्यासाठीच आपण पहिल्या कामाचा एवढा गजर करीत आहोत, अशी आम्हांस शंका येते.

ही वास्तू उभी कशी राहिली ते आधी आठवावे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त युरोपास गेले. तेथील रंगमंदिरे आणि रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून ते परतले. पुढे त्यांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधविले आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात नाट्यगृह उभारले. त्याचे नाव ‘पॅलेस थिएटर’. एका अंगाला मल्लांचा हौदा, दुसऱ्या अंगाला गाणाऱ्या नटाचा रंगमंच, आणि दोन्हींच्या मध्ये केवळ एक भिंत! शरीराची कसरत आणि मनाची कसरत यांना एकाच अंगणात जागा देणारा हा राजा होता. त्या काळच्या नाटक मंडळ्या गावोगाव तात्पुरत्या मांडवांत आणि पत्र्याच्या थिएटरांत खेळ करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूरच्या दगडी नाट्यगृहाचे मोल कळते. स्वातंत्र्यानंतर त्याला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. तो आमच्याच धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस ऐकविला. “फादर, गावोगाव पिण्याच्या पाण्याची ओरड आहे, सरकारी दवाखान्यांत खाटा नाहीत, आणि नाटकाच्या घरासाठी वीस कोटी?” आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

ज्या राजाने पॅलेस थिएटर बांधले, त्यानेच राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. त्यानेच २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. त्यानेच निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पाणी की नाटक, असा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. कारण तहान दोन प्रकारची असते हे तो जाणत होता. ज्याला दवाखाना हवा असतो त्याने नाट्यगृह मागू नये, हा युक्तिवाद नेहमी गरिबाच्याच बाबतीत केला जातो. श्रीमंताच्या दिवाणखान्यातील करमणुकीचा हिशेब दवाखान्याच्या खाटांशी कोणी जुळवीत नाही. गरिबाला मात्र अन्न, वस्त्र व औषध पुरे, गाणे नको, असे म्हणणारे आपणांस उदार वाटतात! आम्हांस ते अनुदार वाटतात.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. “जुने ते जुनेच बांधून काय साधणार? चित्रपट आला, दूरदर्शन आले, आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. नाटकाचा काळ संपला. तेथे व्यापारी संकुल बांधा आणि वरच्या मजल्यावर एक सभागृह ठेवा.” या आक्षेपकांना कोल्हापूरचाच इतिहास ठाऊक नाही. मराठी चित्रपट नाटकाचा वैरी म्हणून जन्मास आला नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार. त्या पडद्यांच्या रंगांतूनच पुढे कॅमेऱ्याची ओढ निर्माण झाली, १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. व्ही. शांताराम हे गंधर्व नाटक मंडळीतून बाबूरावांकडे आले. आणि १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह काढलेली ‘प्रभात’ हीसुद्धा कोल्हापूरचीच. आईने लेकराला वाढविले. लेकरू मोठे झाले म्हणून आईला घराबाहेर काढावे, असे कोण म्हणेल?

आणि व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहाविषयी काय बोलावे? अशी सभागृहे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. खाली साड्यांचे सेल, वर लग्नाचे स्वागत समारंभ, मधल्या जिन्यात वडे तळण्याचा वास. तेथे नाटक होते ते उपकार म्हणून, एखादी तारीख कोणाला नको असेल तेव्हा. नाट्यगृह ही चार भिंतींची पेटी नव्हे. तेथे कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी लागते आणि शेवटच्या रांगेतील हुंदका नटाला ऐकू यावा लागतो.

म्हणून कोल्हापूरचे नाट्यगृह होते तसे आणि होते तेथेच व्हावे, या मागणीला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. अशी मागणी करणारे कोल्हापूरकर जगात पहिले नव्हेत. इटलीतील व्हेनिस शहरात १४ जुलै १९०२ रोजी संत मार्क यांच्या महामंदिराजवळचा प्राचीन घंटामनोरा कोसळला. तेव्हा त्या नगरीने ‘जसा होता तसा, जेथे होता तेथे’ असा निर्धार केला आणि १९१२ साली संत मार्क यांच्या सणाच्या दिवशी, २५ एप्रिलला, नव्या मनोऱ्याचे उद्घाटन झाले. त्याच नगरीतील ‘ला फेनिचे’ हे जगप्रसिद्ध संगीत नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ च्या रात्री जळून खाक झाले, तेव्हाही तीच घोषणा पुन्हा दिली गेली. फेनिचे म्हणजे फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. १८३६ साली ते एकदा जळले होते आणि वर्षभरातच पुन्हा उभे राहिले होते. १९९६ नंतर मात्र त्याचे दार उघडण्यास डिसेंबर २००३ उजाडावा लागला.

तथापि व्हेनिसपासून आपण केवळ घोषणा उचलू नये, तेथील चौकशीही पाहावी. ती आग दैवाची नव्हती. नाट्यगृहात दुरुस्तीचे काम चालू होते. ते वेळेत पूर्ण न झाल्यास दंड भरावा लागेल, म्हणून विजेचे काम करणाऱ्या दोघांनीच ती लावली, असे न्यायालयात सिद्ध झाले व त्यांना शिक्षा झाली. शिवाय भोवतालचे कालवे गाळ काढण्यासाठी कोरडे केले होते, त्यामुळे पाण्यावर वसलेल्या त्या शहरात आग विझविणाऱ्या बोटी नाट्यगृहापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत! कोल्हापूरच्या आगीचे कारण काय, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे आणि कोणावर आरोप करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु एवढे मात्र आम्ही म्हणू की, शताब्दीच्या सुमारास ज्या वास्तूचे नूतनीकरण झाले होते, ती त्यानंतर दहा-एक वर्षांतच जळून गेली. नूतनीकरण झाले म्हणजे वास्तू सुरक्षित झाली असे नव्हे, हा धडा त्यात आहे. जुनी वास्तू ही म्हाताऱ्या वडिलांसारखी असते. वाढदिवसाला शाल घालून भागत नाही; रोजचे औषध कोणी द्यायचे, रात्री उठून कोणी पाहायचे, हे घरात ठरलेले असावे लागते.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या मुंबईभेटीत त्याचे उद्घाटन झाले आणि पुढील वर्षी बांधकाम पुरे झाले. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर यांनी ते रंगमंच गाजविले. पुढे तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले आणि १९९३ साली प्रेक्षकांवाचून दारे बंद झाली. ती पुन्हा उघडली ऑक्टोबर २०१६ मध्ये. तेवीस वर्षे! त्या वास्तूला कोणी आग लावली नव्हती, तिच्यावर वीज पडली नव्हती. भिंती होत्या, सज्जे होते, घुमट होता. माणसे मात्र येईनाशी झाली होती. म्हणजे आगीने जे काम एका रात्रीत होते, तेच काम रिकाम्या खुर्च्या सावकाश करतात. नाट्यगृह जळाले की आपण रडतो. रिकामे झाले की आपणांस कळतही नाही. कसे कळणार? आपण तेथे गेलेलोच नसतो.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो काही वाचकांना रुचणार नाही.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. लहान वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. वयाच्या अठराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. त्या काळी बालगंधर्वांची गंधर्व मंडळी आणि केशवरावांची ललितकलादर्श यांच्यात मोठी चुरस होती. तरीही टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे एकत्र आले आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाची तिकिटे चढ्या दराची होती आणि लोकांनी ती विकत घेतली. विकत घेतली, वाचकहो! फुकट पास मागितले नाहीत. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. त्यांची मंडळी मात्र त्यांच्यामागे थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती चालविली. ती चालली, कारण नटाने मेहनत केली आणि प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले. या दोन चाकांवाचून नाटकाचा गाडा कधी चाललेला नाही.

आज आपण काय करतो? काही वर्षांपूर्वी एका शहरातील नाट्यगृहात आम्ही तिकीट काढून एक उत्तम नाटक पाहावयास गेलो होतो. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या. पहिला अंक संपेपर्यंत त्या तिन्ही रांगा रिकाम्या होत्या. मध्यंतरानंतर काही मंडळी आली, बसली, मोबाईलवर बोलली आणि शेवटच्या प्रवेशाआधी उठून गेली. मागच्या रांगांत मात्र तिकीट काढून आलेले शिक्षक, कारकून, विद्यार्थी मान उंच करून पाहत होते. प्रयोगानंतर आम्ही त्या मंडळीतील एका नटास भेटलो. तो हसून म्हणाला, “फादर, जो पास घेऊन येतो त्याला नाटक आवडले नाही तरी चालते. जो तिकीट काढून येतो त्याच्यासाठी आम्ही घाम गाळतो.” तो हसत बोलला खरा, आम्हांस मात्र हसू आले नाही.

हा दोष केवळ शहरांचा किंवा पुढाऱ्यांचा नव्हे. आपल्या धर्मग्रामांतही हेच चालते. सणाच्या दिवशी युवकांनी दोन महिने तालीम करून नाटक बसवावे, आणि प्रवेशमूल्य ठेवले की आपण विचारावे, “आपल्याच मुलांचे नाटक पाहायला पैसे कशाला?” लग्नाच्या बँडला हजारो रुपये मोजणारा हात तिकिटासाठी खिशात जाताना का अडखळतो? आणि ज्या सभागृहाच्या रंगमंचावर आपल्या वडिलांच्या पिढीने नाटके केली, त्या रंगमंचावर आज केटररची भांडी रचलेली असतात. हे आम्ही इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. अशा एका सभागृहाची किल्ली बरीच वर्षे आमच्याच हाती होती, आणि रंगमंचावर भांडी ठेवण्याची परवानगी आम्हीच दिली होती. भाडे चांगले येत होते. त्याची आज आम्हांस लाज वाटते.

एका धर्मगुरूने नाट्यगृहाची चिंता कशाला वाहावी, असे कोणास वाटत असेल तर त्यांना एकच आठवण करून देतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कमाध्यमांवरील आपल्या आदेशात नाट्यकलेला उदात्त आणि प्राचीन म्हटले आहे आणि तिने प्रेक्षकांच्या नैतिक उन्नतीस हातभार लावावा अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. पोप दुसरे जॉन पॉल हे तरुणपणी स्वतः नट होते. १९४१ साली नाझींनी व्यापलेल्या क्राकव शहरात ते आणि त्यांचे सोबती गुप्तपणे लोकांच्या घरांत नाटके करीत. रंगमंच नव्हता, पडदा नव्हता, पकडले गेल्यास प्राणांशी गाठ होती. तरीही प्रेक्षक येत. याचा अर्थ आम्ही असा घेतो: नाट्यगृहावाचून नाटक जगू शकते, पण प्रेक्षकावाचून नाट्यगृह जगू शकत नाही.

मग काय करावे? केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन मागण्या आम्ही येथे मांडतो. त्या कोल्हापूरसाठी आहेत आणि महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या नाट्यगृहासाठीही आहेत.

पहिली मागणी जबाबदारीची. वास्तू महानगरपालिकेची असो वा संस्थेची, तिची निगा राखणारी एक व्यक्ती नावानिशी ठरलेली असावी. विजेच्या तारांची आणि अग्निशमन यंत्रणेची दर वर्षी तपासणी व्हावी आणि त्या तपासणीचा दाखला तिकीट खिडकीशेजारी, नाटकाच्या जाहिरातीइतक्याच ठळकपणे, लावला जावा. जो प्रेक्षक आपली मुलेबाळे घेऊन अंधारात बसतो, त्याला तो दाखला वाचण्याचा हक्क आहे.

दुसरी मागणी तारखांची. नाट्यगृहाच्या तारखांवर पहिला हक्क नाटकाचा असावा. त्यानंतर सत्कार, मेळावे आणि प्रदर्शने. शनिवार-रविवारच्या तारखा भाषणांना आणि मंगळवारची दुपार नाटकाला, हा उलटा न्याय बंद व्हावा. त्यातही गावातल्या हौशी मंडळींना आणि शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना परवडेल अशा भाड्यात काही दिवस राखून ठेवावेत. आज ज्या मुलाला रंगमंच मिळतो, तोच उद्या प्रेक्षक म्हणून तिकीट काढतो.

तिसरी मागणी सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड. फुकट पास बंद व्हावेत. मंत्र्यांचे, नगरसेवकांचे, पत्रकारांचे आणि धर्मगुरूंचेही. पुनर्बांधणीनंतर दार उघडेल त्या दिवशी प्रत्येक खुर्चीवर तिकीट काढून आलेला माणूस बसलेला असावा. उद्घाटनाची कोनशिला कोणाच्याही नावाची असो, आमच्या मते तेच खरे उद्घाटन ठरेल.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी फार थोडे कोल्हापूरला राहतात, हे आम्ही जाणतो. पण प्रत्येकाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर एखादे नाट्यगृह असेलच. या वर्षी एकदा, आजी-आजोबा आणि मुले यांना घेऊन, खिडकीवर पैसे मोजून, एक मराठी नाटक पाहावे. नाटक वाईट निघाले तर बाहेर येऊन तसे स्पष्ट सांगावे. पैसे देणाऱ्याला तो अधिकार आहे. चांगले निघाले तर शेजाऱ्याला सांगावे. आणि आमच्याकडे सभागृहाची तारीख मागावयास येणाऱ्या युवकांना यापुढे रंगमंच रिकामा मिळेल. भांडी आम्ही कोठारात हलविली आहेत.